आप्पामामांचं सोडणं

काशीयात्रा करून आलेल्या माणसाला आमच्या घरी पहिला प्रश्न ‘दर्शन कसं झालं?’ हा कधीच नसायचा. ‘काय सोडलंत?’ हा असायचा. काशीला गेलं की आवडीचं एक फळ आणि एक भाजी सोडून यायची, ती पुन्हा तोंडात घालायची नाही, ही आपल्याकडची रीत. इथे माणसाच्या अकलेचा कस लागतो. माझ्या आजीने कारलं सोडलं. आजोबांनी कवठ सोडलं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ड्रॅगनफ्रूट सोडलं. सोडता यावं म्हणून आदल्या दिवशी ते एकदा खाऊन पाहिलं. हापूस सोडून आलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आता जो जन्मापासून काशीतच राहतो त्याने काय सोडावं, आणि ते सोडायला जावं कुठे? माझ्या आईचे मावसभाऊ आप्पामामा यांच्यापुढे हा पेच होता. ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचा वाडा. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्यामुळे दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या अंगाला मराठी वस्ती जमली. त्यांच्यामागून केव्हातरी मामांचे पूर्वज वाईहून यात्रेला आले आणि परत जायचं विसरले. मामा बँकेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. निरोपाला शाल, श्रीफळ आणि स्मार्टफोन मिळाला. शाल मामींनी घेतली, श्रीफळाची बर्फी झाली आणि तिसऱ्या वस्तूने मामांना घेतलं. तेव्हापासून मामा मोबाईल सोडत आहेत.

काशीस जावे नित्य वदावे, असं आपण म्हणतो. प्रत्यक्ष जायलाच हवं असं नाही. जाईन, जाईन म्हणत राहिलं तरी पुण्य खात्यावर जमा होतं. मोबाईल सोडायलाही हाच नियम लागतो, अशी मामांची प्रामाणिक समजूत आहे.

सोडणारा हा माणसांतला एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि तो काशीतच सापडतो असं नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर ‘मी आठनंतर फोनला हात लावत नाही’ हे दम लागेस्तोवर सांगताना तो भेटतो. डोंबिवली लोकलमध्ये, इन्स्टा सोडल्याचं इन्स्टावर टाकताना भेटतो. ज्यांना सोडायचाच नाही ते बिचारे खाली मान घालून बघत बसतात. ज्यांनी खरोखर सोडला त्यांचा पत्ताच लागत नाही. ते कळवणार कशावरून? सगळा बोलबाला असतो तो मधल्यांचा. त्यातही मामा पट्टीचे. मी यंदा पौषात काशीला उतरले तेव्हा त्यांचं नववं सोडणं चालू होतं.

नवव्याचं कारण मोठं होतं. ब्रह्माघाटावरून रामघाट चालत दहा मिनिटं. तिथल्या सांगवेद विद्यालयात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या मुलाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या सुमारे दोन हजार मंत्रांचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पुरं केलं. पदं पुढून मागे, मागून पुढे गुंफत म्हणायची, आणि सगळं मुखोद्गत. पंतप्रधानांनी कौतुक केलं. मामांनी हे पाहिलं ते घरी झोपाळ्यावर बसून, रीलमध्ये, पारायण संपल्यावर तिसऱ्या दिवशी.

“पन्नास दिवस तो मुलगा माझ्या दारात म्हणत होता,” मामा कळवळून सांगत होते, “आणि मला कळलं कुणाकडून? तर ह्याच्याकडून! त्याला दोन हजार मंत्र पाठ, आणि मला हिचा नंबर पाठ नाही.”

त्या दिवशी त्यांनी मामींचा नंबर पाठ केला. तो जुना निघाला.

सोडण्याचा हिशेब मामा चोख ठेवतात. काशीतल्या तीर्थोपाध्यायांकडे लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्या असतात. तुमचा पणजोबा कुठल्या गावाहून, कुणाला घेऊन, कशासाठी आला होता हे त्यात त्याच्याच हातच्या अक्षरात सापडतं, खाली सहीसकट. मामांनी तशीच एक वही शिवून घेतली आहे. तिथी, वार, स्क्रीन आणि शेरा असे चार रकाने. पहिल्या रात्री ती मी चाळली. ‘शु. नवमी, मंगळ, ५ ता. १० मि., मन उद्विग्न.’ ‘शु. दशमी, बुध, ३ ता. ४० मि., दोन तास वीज नव्हती.’ ‘एकादशी, गुरु, ६ ता. १५ मि., उपवास, दुसरं काही सुचेना.’ फोनमधलं मामांचं सगळ्यात लाडकं अॅप आपण किती वेळ फोन पाहिला हे सांगणारं आहे. दिवसातून तीसेकदा ते उघडून बघतात आणि दर वेळी आकडा वाढलेला पाहून त्यांना धक्का बसतो. रात्री वहीच्या पानाचा फोटो ‘डिजिटल उपवास’ नावाच्या ग्रुपवर जातो. मग अभिनंदनं येतात. त्यांचे आभार मानायचे. आभारांवर नमस्कार येतात. वही मिटल्यावर जो तास-सव्वा तास जातो तो दुसऱ्या दिवशीच्या शेऱ्यातसुद्धा कधी येत नाही.

आधीच्या आठ प्रयोगांबद्दल मला मामींकडून कळलं, मटार सोलता सोलता. एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून मामांनी फोनचे रंग काढून टाकले. सगळं काळंपांढरं दिसलं की मन रमत नाही म्हणे. मामांचं मन उत्तम रमलं, त्यांना जुने सिनेमे पाहिल्यासारखं वाटायला लागलं. पण त्याच आठवड्यात मदनपुऱ्याच्या विणकराने भाचीच्या लग्नासाठी साड्यांचे फोटो पाठवले आणि विहीणबाईंसाठी मामांनी एक ‘शांत, राखाडी’ पसंत केली. ती आली पोपटी, वर राणी रंगाचे काठ. विहीणबाई लग्नभर लांबून ओळखू येत होत्या.

मग वडगावचं प्रकरण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा होईस्तोवर. मामांनी हे वाचलं (कशावर ते विचारू नये) आणि वाड्यात लागू केलं. वाड्यात भोंगा कुठला? शंख होता. सातला मामा गच्चीवर गेले आणि गाल फुगवून त्यांनी शंख फुंकला. आता काशीत संध्याकाळी सातला शंख वाजला तर कुणाला काय कळणार? पंचगंगेकडून घंटा, पलीकडच्या गल्लीतून झांजा, खाली घाटावर आरती. भाडेकरूंनी घरातूनच हात जोडले. समोरच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याला वाटलं आप्पा अखेर देवाकडे वळले. त्याने आपला शंख काढून उत्तर दिलं. मग त्याच्या पलीकडच्याने. मामा साडेआठपर्यंत फुंकत होते. दम लागून खाली आले आणि हे सगळं ग्रुपला कळवायला बसले.

“शंख वाजवायची काय गरज होती,” मामी मटाराची शेंग फोडत म्हणाल्या. “घरात असला की पुरे.”

पण मामांच्या कल्पकतेचा कळस म्हणजे गोमुखी. जपाची माळ दिसू नये म्हणून जी कापडी पिशवी हाताला घालतात ती. फोन नजरेला पडला नाही की आठवण होणार नाही, या तत्त्वावर मामांनी तो गोमुखीत ठेवला. वडिलांची जुनी गोमुखी, भगवी, जाड खादीची, कडेला उसवलेली. मी पोचले त्या संध्याकाळी मामा झोपाळ्यावर ती उजव्या हातात घालून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ किंचित हलताहेत, कपाळाला भस्म. मी पाया पडून चोरपावलांनी आत गेले. एवढी साधना आपल्या घराण्यात आहे याचा मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

“जप करताहेत मामा?” मी कुजबुजत विचारलं.

“नीट बघ अंगठ्याकडे,” मामी म्हणाल्या. “जपात मणी आपल्याकडे ओढतात. हे वर ढकलताहेत.”

बघितलं. पिशवीच्या आतून अंगठा ठरावीक वेळाने वर जात होता, थांबत होता, पुन्हा वर. एवढ्यात वीज गेली. (काशीत ती जाते.) ओसरीवर काळोख झाला आणि त्या काळोखात मामांच्या हातातली गोमुखी आतून निळसर उजळली. उसवलेल्या कडेतून एक तिरीप थेट त्यांच्या हनुवटीवर पडली होती. मामांचे डोळे तिच्यावर लागलेले होते. आवाज बंद होता, आणि ओठ हलत होते ते रीलवरची अक्षरं वाचताना.

त्यावरून रात्री जेवताना मी जरा छेडलं, तर मामा मोकळेपणाने बोलले. हा त्यांचा मोठा गुण. मामा खोटं कधी बोलत नाहीत, फक्त उशिरा खरं बोलतात. म्हणाले, “अगं, माळेला मेरुमणी असतो. एकशे आठ झाले की बोटाला लागतो. तो ओलांडायचा नाही, तिथून उलट फिरायचं. हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही ठाऊक होतं की बोटाला कुठेतरी अडवलं पाहिजे. ह्याला मेरूच नाही! ढकला, ढकला, पुढे आहेच.”

हे मला पटलं. हा मेरू काढून टाकणारा माणूस ठाऊक आहे, अझा रास्किन त्याचं नाव. २००६ मध्ये त्याने पान न संपणारी ही युक्ती बसवली. पूर्वी तळाशी ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. ते दाबणं त्याने काढून टाकलं. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो तसं जाहीर बोलला. मामांना हे सांगितलं तर त्यांची कळी खुलली.

“मग त्याला म्हणावं काशीला ये. प्रायश्चित्ताचं आपण बघू.” आणि त्यांनी गोमुखीत हात घातला. “स्पेलिंग काय म्हणालीस?”

साधा बटणांचा फोनही त्यांनी घेऊन पाहिला होता. दोन महिने चालला. गॅसचा नंबर, बँकेचा ओटीपी, भाचीचे फोटो, सगळं मामींच्या फोनवर यायला लागलं, म्हणजे मामा मामींच्या फोनवर बसायला लागले आणि मामींचा स्क्रीनटाईम साडेसात तास झाला. शेवटी आला नोव्हेंबर. निवृत्तिवेतनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ म्हणून घरबसल्या देता येतो, आणि २०२१ पासून मोबाईलला नुसता चेहरा दाखवूनही भागतं. चेहरा चौकटीत धरायचा आणि यंत्र सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे; मिचकावले म्हणजे जिवंत. ज्या गावी लोक शेवटचा श्वास सोडायला मुद्दाम येतात, जिथे मणिकर्णिकेवर चिता विझत नाही, तिथे आमचे मामा खिडकीत उभे राहून मोबाईलकडे बघत डोळे मिचकावत होते. पहिल्या तीन वेळा यंत्राने मानलं नाही. “जोरात मिचकवा,” मामी म्हणाल्या. चौथ्यांदा मामा जिवंत ठरले. तेव्हापासून बटणांचा फोन फडताळात आहे.

मी गेले तेव्हाच्या नवव्या प्रयोगाची गंमत अशी की तो खरोखर लागू पडत होता. विश्वनाथाच्या देवळात मोबाईल नेऊ देत नाहीत. बाहेर ठेवूनच आत जायचं. मामांनी ठरवलं की रोज दुपारी दर्शनाला जायचं. देव आहेच, शिवाय रांगेत तास-दीड तास फोन नाही. भक्ती आणि औषध एकाच पुडीत. मला घेऊन गेले. वाटेत १७८० मध्ये अहिल्याबाईंनी हे देऊळ पुन्हा कसं उभं केलं ते सांगितलं, इतक्या तपशिलाने की दगड यांनीच मोजून घेतले असावेत. गल्लीतल्या फुलवाल्याकडे फोन ठेवायचा कप्पा असतो. कप्पा फुकट, पण पेढ्याचा पुडा घ्यावा लागतो. गेले पंचवीस दिवस रोज एक पुडा. पेढे टाकून देणार कसे, प्रसाद! मामींनी मला हळूच रक्ताचा रिपोर्ट दाखवला होता; स्क्रीन खाली गेला होता आणि साखर वर.

कप्प्याची किल्ली हातात आली आणि मामा रांगेत उभे राहिले. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे. किल्लीला जोडलेला एक पितळी बिल्ला होता, त्यावर २७ हा आकडा. मामांचा अंगठा त्या आकड्यावरून वर सरकत होता. दोन घासून जवळजवळ गेला होता, साताचं शेपूट उरलं होतं.

दर्शन झालं. बाहेर पडतो तोच गर्दीच्या लोंढ्यात एका गमछावाल्याने मामांचा दंड धरला. “का गुरू, सब ठीक हौ?” हा त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र, निवृत्त संस्कृत प्राध्यापक. शेजारी एक नावाडी, एक माजी पहिलवान. चहाच्या दुकानाच्या बाकावर जागा झाली आणि विषय निघाला मलइयोचा. थंडीत मिळणारा हा दुधाचा केशरी फेस तुम्ही खाल्ला नसेल तर सांगते: आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं, पहाटे घुसळून नुसता फेस उचलायचा, कुल्हडात घालायचा. तोंडात घालेपर्यंत असतो, घातल्यावर नसतो. तर, मलइयोला दव लागतंच, की नुसती थंडी पुरते? फ्रीजमध्ये झाला तर तो मलइयो म्हणावा का?

प्राध्यापक दवाच्या बाजूने. मामा थंडीच्या. नावाडी म्हणाला की नदीवरचं दव वेगळं आणि गल्लीतलं वेगळं, त्यामुळे दोघेही चूक. पहिलवानाने दुधाचाच मुद्दा काढला. प्राध्यापकांनी ‘फेन’ शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. मामा उठून उभे राहिले. दोन्ही हात मोकळे होते त्यांचे, आणि त्या हातांनी त्यांनी हवेत हंडा मांडला, त्यावर फडकं बांधलं, रात्र पाडली. १८६९ मध्ये स्वामी दयानंदांनी याच शहरात काशीच्या पंडितांशी मूर्तिपूजेवर वाद घातला होता. जिंकलं कोण, यावर इथे अजून दोन मतं पडतात. म्हणजे गावाचं वळण तेच. चार चहा झाले, अंधार पडला. तिन्हीसांजेला आम्ही बसलो होतो ते साडेसातला उठलो. तिघांच्या खिशात फोन होते, पण त्या अडीच तासांत कुणीही तो काढून बघितलं नाही की मलइयो कसा करतात. बघितलं असतं तर वाद दोन मिनिटांत मेला असता.

घरी आलो. मामांनी तीन पोळ्या खाल्ल्या, वर प्रसादाचा पेढा, आणि मामींना दवाचा सगळा मुद्दा पहिल्यापासून सांगितला. नऊला झोपले. घोरत होते. साडेनऊला मामी माझ्या खोलीशी आल्या.

“अगं, ह्यांचा फोन कुठाय?”

सत्तावीस नंबरच्या कप्प्यात होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग मामींनी दिवा मालवला.

सकाळी मामा गल्लीत धावले. फोन मिळाला, पण पार संपलेला. चार्जिंगला लावून त्याच्यापुढे बसून राहिले. जागा झाल्याबरोबर लाडकं अॅप उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. काल सकाळी दहा ते दुपारी साडेतीन त्यांनी ग्रुपसाठी ‘मोबाईलमुक्तीचे पंचवीस दिवस’ हा लेख लिहिला होता. कालच्या नावावर पाच तास वीस मिनिटं पडली होती. त्यापुढचे अठरा तास शुद्ध, निर्मळ, पण त्यांतले साडेआठ कालच्यात बुडाले आणि उरलेले आजच्यात पडले.

“शून्य कुठेच दिसत नाही!” मामा म्हणाले. “एकादशी दोन दिवसांत फुटावी तसं झालं. आता स्मार्त धरू की भागवत?”

“तुम्ही झोपला होतात छान,” मी म्हटलं.

“पण त्याला पुरावा काय?”

थोडा वेळ ते वहीकडे बघत बसले. मग एकदम वही माझ्यापुढे सरकवली, दौत-टाक आणला, आणि तीर्थोपाध्यायाच्या घरातला मुलगा शोभतील अशा आवाजात सांगायला लागले. मी लिहून दिलं: अमुक गाव, अमुक वडील, अमुक आजोबा, पौष मासी काशीक्षेत्री येणे झाले, मातुल आप्पा यांस दुपारी साडेतीन ते दुसरे दिवशी साडेनऊ मोबाईलवाचून समक्ष पाहिले. खाली सही. मामांनी शाईवर फुंकर घातली, दोनदा वाचलं, आणि ‘समक्ष’ हा शब्द जरा ठळक करायला लावला.

परतीच्या गाडीत बसायच्या आधी वही पुन्हा चाळली. माझ्या दाखल्याच्या खाली मामांच्या बारीक अक्षरात त्या दिवशीची नोंद होती. तिथी, वार. स्क्रीन, ४ ता. ३५ मि. शेऱ्यात लिहिलं होतं: कालचं शून्य कळवण्यात.